संगणक घेताना प्रणालीची मुदत विचारा

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींचे दाखले आता संगणकावर तयार होतात. यंत्र घेताना किंमत व हमी पाहिली जाते. ते चालविणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे कार्यप्रणालीची, मुदत मात्र क्वचितच विचारली जाते.

कार्यप्रणालीत प्रसिद्धीनंतरही दोष सापडत राहतात. निर्माती संस्था ते ठरावीक काळापर्यंत विनामूल्य दुरुस्त करून देते. विंडोज ७ ची ही मुदत १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. दुसऱ्या दिवशीही यंत्र नेहमीप्रमाणेच सुरू होते, आणि फसगत होते ती येथेच. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या दोषाची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. २०१४ साली मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीला ती साथ पसरल्यावर मिळाली.

विंडोज ११ साठी अनेक जुनी यंत्रे अपुरी पडतात. ती भंगारात काढण्यापूर्वी लिनक्सचा विचार अवश्य व्हावा. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली त्याच कुळातील. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२४ ची आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल. मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांच्याच. कार्यालयांनी त्यांच्या वाटेस न जाणे बरे.

छपाईयंत्र, अंगठ्याचे यंत्र व डिजिटल स्वाक्षरीची किल्ली नव्या प्रणालीवर चालते काय, हे आधी एकाच यंत्रावर पाहावे. साक्री वा यावल तालुक्यातील एखाद्या गावी संगणक एकच असेल, तर सर्व नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती उघडते याची खात्री केल्यावरच बदलास हात घालावा.