एक पायरी खाली, अर्धा तास उशिरा

हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच वाजले की कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्यावर माणसं येऊन बसू लागतात. समोरच्या काठावर शालिनी पॅलेसचा मनोरा, त्याच्या मागे उतरणारा सूर्य आणि मध्ये तलावभर सांडलेलं सोनं. जो तो मोबाईल पश्चिमेकडे धरून असतो. सूर्य दिसेनासा झाला की मोबाईल खिशात जातात आणि पावलं भेळेच्या गाड्यांकडे वळतात. दरवेळी मला वाटतं, यांना हाक मारून थांबवावं. अजून निम्मा खेळ बाकी आहे, आणि जो झाला तोही नीट पाहायचा राहिलाय.

एक साधा प्रयोग करून बघा. घाटाच्या पायरीवर उभं राहून पायाजवळच्या पाण्याचा फोटो काढा. हिरवट पाणी, त्यात बुडालेली पायरी, एखादं वाळकं पान, एवढंच मिळेल. आता शेवटच्या कोरड्या पायरीवर बसा. मोबाईल उलटा करा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंगं खाली येतील, आणि ती पाण्यापासून दोन बोटांवर राहतील असा धरा. पडद्यावर पाणी नाहीसं होतं! त्या जागी अख्खं आभाळ अंथरलेलं असतं, पलीकडची झाडं उलटी उभी असतात. मोबाईल सुलटा असता तर भिंग वीतभर वर राहिलं असतं. त्या एका वितीत हा सगळा फरक आहे.

ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने १८२० च्या दशकात याचं गणित मांडलं. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत पाठवतं, उरलेला आत शिरतो. नजर जसजशी पाण्याला समांतर होत जाते तसा हा वाटा वाढतो. पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन राहिला की तो एक तृतीयांशाच्या वर जातो, ५ अंशांवर निम्म्याहून अधिक होतो. पाणी तेच असतं, आपण खाली बसलो म्हणून त्याचा आरसा होतो.

आणि हा आरसा नुसती नक्कल करत नाही. प्रतिबिंबात दिसतं ते दृश्य, कॅमेरा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच खाली नेऊन पाहिल्यासारखं असतं. म्हणून उंच काठावरून थेट न दिसणारी पुलाच्या कमानीची आतली बाजू पाण्यात दिसते. एका फोटोत आपल्याला दोन ठिकाणांहून पाहता येतं.

मग पाण्याचा स्वतःचा रंग कोणता? समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅली यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं मत होतं. १९२१ साली भारतीय भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतत होते. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे एका विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाशच पुढे जाऊ देणारा स्फटिक. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं तर परावर्तित प्रकाश एकाच दिशेने कंप पावत असतो, त्यामुळे प्रिझम फिरवून तो अडवता येतो. रामन यांनी तो अडवला. आभाळाची झाक पुसली गेली आणि निळा रंग उणावण्याऐवजी अधिकच गडद झाला! तो पाण्याच्या आतून येत होता. याविषयीचं पत्र त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला धाडलं, त्यावर ठिकाण होतं मुंबई बंदर. प्रकाशाच्या विखुरण्याचा हाच ध्यास पुढे १९२८ साली त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत गेला.

तोच प्रयोग आज कुणालाही करता येतो. निकोल प्रिझमचंच काम करणारी पोलराइज्ड गॉगलची काच मोबाईलच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवा. एका क्षणी चकाकी विझते आणि पाण्याखालच्या पायऱ्या एकेक करून वर आल्यासारख्या दिसू लागतात.

सूर्य टेकला की मोबाईलची खरी परीक्षा सुरू होते. आभाळ लख्ख, काठ काळोखा. दोन्ही एकाच फोटोत आणायचे कसे? गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारापुढे १८५० च्या दशकात हीच अडचण होती. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर समुद्र नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक होऊन जाई. त्याने काही चित्रांसाठी आभाळ आणि समुद्र यांच्या वेगळ्या निगेटिव्ह घेतल्या आणि क्षितिजावर जोडून एकच चित्र छापलं. आपला मोबाईल बटण दाबताच काही फोटो घेऊन एकत्र करतो, त्यामागचा विचार याच जातीचा आहे.

तरी दोन गोष्टी आपल्याच हाती राहतात. पडद्यावर उजळ ढगापाशी बोट दाबून ठेवलं की प्रकाशाचं माप तिथे पक्कं होतं, मग बोट खाली ओढून चित्र थोडं काळोखं करायचं. आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ‘डेलाइट’वर ठेवायचा. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने तीसपटीहून जास्त हवेतून येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो, केशरी-तांबडा उरतो. एरवी मोबाईलला हा केशरीपणा दोष वाटतो आणि तो धुऊन काढू पाहतो. ज्यासाठी आपण आलो तेच जातं.

आणि मग ती वेळ येते जेव्हा सगळे उठून गेलेले असतात. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं. माथ्यावरचं आभाळ गर्द निळं होतं. दुपारची निळाई हवेच्या रेणूंमुळे असते, पण ही बरीचशी ओझोनमुळे असते. तिरपा प्रकाश ओझोनच्या थरातून लांबवर प्रवास करतो आणि तो थर त्यातला पिवळा-केशरी भाग शोषून घेतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ साली हे दाखवून दिलं. अतिनील किरणांपासून आपल्याला जपणारं ते छत्र रोज संध्याकाळी रंकाळ्यात असं उतरतं.

याच वेळी काठावरचे दिवे लागतात. काही मिनिटं दिव्यांचा आणि आभाळाचा उजेड एकमेकांना तोलून धरतो. मोबाईल कठड्यावर टेकवा, श्वास रोखा आणि नाइट मोडला त्याचे दोन-तीन सेकंद घेऊ द्या. प्रत्येक दिव्याची एक लांब पिवळी रेघ पाण्यावरून थेट तुमच्याकडे आलेली असते. प्रत्येक तरंगाचा थोडासाच भाग तुमच्या डोळ्याकडे प्रकाश वळवेल असा कललेला असतो, त्या सगळ्या तुकड्यांची मिळून ही रेघ होते. चार पावलं चाला, रेघही चालते. शेजारी बसलेल्याला दिसते ती त्याची, ती दुसऱ्या तरंगांनी बनलेली असते.

म्हणून सांगतो, सूर्य बुडाला तरी उठू नका. अर्धा तास थांबा, आणि एक पायरी खाली उतरा.