अँबॅसेडरचा डिस्ट्रिब्युटर : ओळखायचा कसा, बसवायचा कसा

(भागाचं लिखित रूप. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे करतोय. साताऱ्याकडच्या एका श्रोत्याच्या आजोबांची मार्क थ्री अँबॅसेडर आहे. पॉइंट बदलायला म्हणून घरच्या घरी डिस्ट्रिब्युटर काढला, परत बसवला, आणि तेव्हापासून गाडी नुसती थरथरते, कार्बुरेटरमधून फाट्‌फाट्‌ आवाज येतात, एकदा तर जाळही आला. जवळच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "इंजिन गेलं, भंगारात द्या." आजोबा दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

त्या पोराला मी एकच प्रश्न विचारला : "वायरी काढताना खुणा केल्या होत्यास का?" उत्तर अर्थातच नाही. त्याच्याकडे नंतर येऊच. आधी हा डिस्ट्रिब्युटर करतो काय ते बघू.

चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते. म्हणून डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ३००० आरपीएमला असेल तर तो १५०० फेऱ्या मारतो आणि मिनिटाला ६००० ठिणग्या वाटतो. सेकंदाला शंभर! आत पॉइंट उघडतात, त्या क्षणी कॉइलमधून करंट येतो आणि वर फिरणारा रोटर तो ज्याच्या त्याच्या वायरीला पोचवतो. पोस्टमन म्हणा ना. पत्ता चुकला की पत्र शेजारच्या घरात.

आता ओळख. जुनी पेट्रोल अँबॅसेडर म्हणजे १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन. १९९० च्या दशकातली इसुझु १८०० वेगळी, तिला आज सांगतोय ते लावू नका. आणि डिझेल गाडीत डिस्ट्रिब्युटर शोधत बसू नका, तिला स्पार्क प्लगच नसतात. बी-सिरीजवर लुकास घराण्याचा डिस्ट्रिब्युटर येतो. त्याच्या अंगावर मॉडेल आणि पार्ट नंबर ठोकलेला असतो. चिंधीला थोडं रॉकेल लावून पुसा, दिसेल.

तो नंबर का बघायचा? जुन्या बाजारात दुकानदार सांगतो, "सगळे सारखेच हो, बसतो!" बसतो, खरंय. पण आतली वजनं आणि स्प्रिंगा वेगळ्या असू शकतात. वेग वाढला की ठिणगी किती लवकर पडावी हे तीच ठरवतात. चुकीचा लावलात तर गाडी सुरू होईल, पण घाटात खडखड करेल नाहीतर दमेल. म्हणून नंबर जुळवूनच घ्या.

काढतानाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डिस्ट्रिब्युटरच्या मानेभोवती क्लॅम्प असतो. त्या क्लॅम्पचा आवळणारा बोल्ट सोडायचाच नाही. क्लॅम्पची पट्टी इंजिनच्या ब्लॉकला धरणारे बोल्ट सोडा आणि पट्टीसकट बाहेर काढा. मग परत बसवताना टायमिंग जसंच्या तसं राहतं. मी पहिल्या वेळी नेमका उलटा बोल्ट सोडला आणि अख्खा रविवार घालवला.

बसवताना घाबरू नका. शाफ्टच्या खालच्या टोकाची जीभ मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे ती खाचेत एकाच प्रकारे जाते. रोटर हळूहळू फिरवत दाबा, 'टक्‌' करून बसेल. हातोडी नको, प्लीज! मग माणसं चुकतात कुठे? वरच्या वायरींत. नाहीतर कुणी खालचा ड्राइव्हचा गिअरच काढून उलटा बसवलेला असतो.

म्हणून आधी नंबर एक शोधायचा. नंबर एक म्हणजे रेडिएटरकडचा सिलिंडर. गाडी न्यूट्रलला ठेवा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबा आणि कुणाला तरी हँडलने इंजिन हळू फिरवायला सांगा. अंगठा हवेने ढकलला गेला की कॉम्प्रेशन चालू आहे. आता पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या टीडीसीच्या काट्यासमोर आणा. ही अंगठ्याची पायरी गाळू नका. खाच दोन फेऱ्यांत दोनदा काट्यासमोर येते, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. नुसती खाच बघणारा अर्ध्या वेळा फसतो.

आता टोपी उचला. रोटर ज्या खुंटीकडे बघतोय ती एक नंबरची. क्रम १-३-४-२. आणि ऐका, या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्याच दिशेने वायरी लावायच्या.

आता आपल्या पोराकडे येऊ. त्याने क्रम बरोबर धरला, पण घड्याळाच्या दिशेने लावला. कागदावर काढून बघा : १ आणि ४ जागेवरच राहतात, २ आणि ३ ची अदलाबदल होते. म्हणजे दोन सिलिंडर व्यवस्थित, आणि उरलेल्या दोघांना ठिणगी मिळते ती इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या सुमारास. मिश्रण थेट मॅनिफोल्डमध्ये पेटतं. तोच फाट्‌फाट्‌ आवाज, तोच जाळ. इंजिनला काही झालेलंच नव्हतं! (असं वाजत असेल तर स्टार्टर मारत राहू नका, पेट्रोल आहे ते.)

शेवटी टायमिंग. पॉइंटचा गॅप आधी, १४ ते १६ थाऊ, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मग एक नंबरच्या कॉम्प्रेशनलाच पुली तुमच्या मॅन्युअलमधल्या अंशावर आणा. १२ व्होल्टचा बल्ब घ्या, एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू. आता मात्र क्लॅम्पचा बोल्ट किंचित सैल करायचा. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरवा, बल्ब विझेल. मग घड्याळाच्या दिशेने अगदी सावकाश या. बल्ब पेटला त्या क्षणी थांबा आणि आवळा. पॉइंट नेमके तिथे उघडतात. इग्निशन लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापेल.

परवा पुन्हा व्हॉइस नोट आली. पोरगा काही बोललाच नाही, चाळीस सेकंद नुसता इंजिनचा आवाज. मागून आजोबा ओरडतायत, "अरे, रेस नको देऊ, गरम होऊ दे आधी!"