पोरी ट्रॅक पॅन्टवर पळतात म्हणून नाक का मुरडता? खेळ आणि कपड्यांचं नातं समजून घ्या

धुळे : पहाटे कपाशीला पाणी द्यायला निघालो की आमच्या फाट्यावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी पळताना दिसतात. एकीने पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला गच्च बांधलेली असते. दोघी भावाच्या ट्रॅक पॅन्टवर पळतात. परवा टपरीवर एक बाबा म्हणाले, "आते पोरी प्यांट घालीसन पयतीन का?" सगळे हसले. मीही हसलो.

नंतर वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर पळायचं असतं, गोळा फेकायचा असतो. पळण्याचे मार्क वेळेवर ठरतात. ओढणी सावरण्यात दोन-चार सेकंद गेले की मार्क कमी होतात, आणि एका मार्कावरही नोकरी हुकते.

जगातही हाच वाद झाला

ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा उतरल्या त्या १९०० साली, पॅरिसला. तेव्हा त्या घोट्यापर्यंत लांब झगे घालून टेनिस खेळल्या. १९१९ साली फ्रान्सची सुझान लेंग्लेन विम्बल्डनला आखूड झगा घालून आली. पोट आवळणारा पट्टाही तिने घातला नव्हता. लोकांनी नावं ठेवली, पण ती स्पर्धा तिनेच जिंकली. पुढे बाकीच्या बायकाही तशाच सुटसुटीत कपड्यांत खेळू लागल्या. खेळामुळे कपडे कसे बदलत गेले यावर पॅरिसच्या पॅले गॅलिएरा या कपड्यांच्या संग्रहालयाने २०२३ साली मोठं प्रदर्शनच भरवलं.

आपल्याकडे काय?

आपल्याला हे नवीन नाही. आपल्या आज्या लुगड्याचा कासोटा घालून निंदणी, कापणी करायच्या. कासोट्याने पाय मोकळे राहतात, कापड पायात येत नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठीच्या लता करे नऊवारीतच पळाल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे लागत होते म्हणून त्या पळाल्या होत्या.

कुस्तीचं बघा. यात्रेच्या दंगलीत मल्ल लंगोट-जांग्यावर, अनवाणी उतरतो. मातीत लंगोटाला हात घालून डाव करता येतो. गादीवरच्या कुस्तीत अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बूट लागतात, आणि पोशाखाला धरलं तर तो फाऊल. म्हणजे कपडा बदलला की डावही बदलतो. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा त्यांना गादीची सवय नव्हती, सहावा नंबर आला. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ आणलं.

अंग झाकूनही खेळता येतं

घरच्यांची खरी काळजी अंग झाकण्याची असते. त्यांनी इराणच्या पोरींची कबड्डी बघावी. डोकं झाकलेलं, पूर्ण बाह्या, लांब पॅन्ट. याच संघाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये भारताच्या मुलींना २७-२४ असं हरवून सोनं नेलं. त्यांचे कपडे अंग झाकणारे होते, पण खेळासाठी शिवलेले होते. फरक तिथे आहे.

उलट टोकही आहे. २०२१ साली नॉर्वेच्या मुली वाळूवरच्या हँडबॉलमध्ये तोकड्या कपड्यांऐवजी शॉर्ट घालून खेळल्या, तर त्यांना दंड झाला. झाका म्हणणारेही दुसरेच आणि उघडं ठेवा म्हणणारेही दुसरेच. पळणारीला कोणी विचारत नाही.

कापूस की पॉलिस्टर?

आपण कापूस पिकवणारे, पण खरं सांगायला हवं. सुती कापड घाम पिऊन घेतं, ओलं होऊन जड होतं आणि मांड्या, काखा घासल्या जातात. पॉलिस्टरची जर्सी पाणी फारसं धरत नाही, लवकर सुकते. मात्र तिला वास लवकर लागतो, रोज धुवावी लागते. दिवसभर उन्हात, शेतात सुतीच बरं. जोरात पळायला जर्सी बरी.

मुलगी पळत असेल तर एवढं करा

- पैसे कमी असतील तर आधी बूट घ्या, कपडे नंतर. भरतीच्या दिवशी कोरे बूट घालू नका, आधी काही दिवस सरावात वापरा.
- पॅन्ट फार ढगळ नको, नाडी पक्की हवी. ओढणी घरी ठेवू द्या.
- पळण्यासाठीचे आतले कपडेही वेगळे मिळतात. ते आईने, काकूने पोरीशी बोलून घ्यावेत.
- महागड्या ब्रँडची गरज नाही. आठवडे बाजारातली साधी ट्रॅक पॅन्टही चालते.

आणि फाट्यावर बसणाऱ्यांना एक विनंती. त्यात मीही आलो. पोरी पळत असतील तेव्हा त्यांच्या कपड्यांवर बोलू नका. एकदा असा शेरा कानावर पडला की कितीतरी पोरी दुसऱ्या दिवशी सरावाला येतच नाहीत.