जोडगोळी लागू पडली, हे ठरवायचं कसं?

मेडिकलवर मिळणारं फिश ऑइल स्किझोफ्रेनियाच्या मूळ औषधाला जोड म्हणून उपयोगी पडेल का, याची एक चाचणी पुण्यात झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३३ रुग्णांना चार महिने सकाळ-संध्याकाळ फिश ऑइलमधलं ओमेगा-३ आणि ई व क जीवनसत्त्वं दिली. लक्षणं कमी झाली. पण तुलनेला प्लासिबोचा, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या बिनऔषधी कॅप्सूलचा, गट नव्हता. मग श्रेय कॅप्सूलचं, मूळ औषधाचं, की डॉक्टरांच्या नियमित विचारपुशीचं? व्हिएन्नात आजाराच्या उंबरठ्यावरच्या, १३ ते २५ वयाच्या ८१ जणांवर प्लासिबोसह चाचणी झाली. २०१० सालचा निकाल असा: वर्षभरात ओमेगा-३ घेणाऱ्या ४१ पैकी २ जणांना आजार जडला, प्लासिबोवाल्या ४० पैकी ११ जणांना. एवढा मोठा फरक! तरी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या ३०४ जणांच्या चाचणीत तो दिसलाच नाही.

आजारी पोराला खोटी गोळी कशी द्यायची, हा आईबापांचा राग रास्तच आहे. पण जोड-औषधाच्या चाचणीत मूळ औषध दोन्ही गटांना चालूच राहतं. पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही घ्यावा लागतो. चाचणी टाळून मोठ्यांचे निष्कर्ष मुलांना चिकटवणं मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण स्किझोफ्रेनियाच्या मूळ औषधांनी वजन वाढण्याचा त्रास किशोरांना अधिक होतो.