उन्हाळा, कार्यालय आणि पेहराव: बीडच्या कोरड्या उष्म्यातील काही गैरसमज

बीड जिल्ह्यातील उन्हाळा आणि मुंबई-रत्नागिरीचा उन्हाळा यांत मूलभूत फरक आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा वारंवार 40 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, परंतु दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेले बाष्प, पुष्कळदा 30 टक्क्यांच्याही खाली राहते. उन्हाळी पेहरावाविषयीचे प्रचलित सल्ले मात्र बहुतांशी दमट किनारपट्टीच्या किंवा दिवसभर वातानुकूलित असणाऱ्या महानगरी कार्यालयांच्या अनुभवातून आलेले असतात. गंगथडीच्या गेवराई-माजलगावात, जेथे पतसंस्था, कृषी सेवा केंद्र किंवा संगणक संस्था यांसारख्या छोट्या कार्यालयांत गणवेशाचा नियम नसतो आणि पंखा व कूलर यांवरच दुपार काढावी लागते, तेथे हे सल्ले जसेच्या तसे स्वीकारल्यास ते निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरतात.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की अंगावर कपडा जितका कमी, तितका गारवा अधिक. आणि म्हणून जेथे कोणी विचारणारे नाही त्या कार्यालयात अर्ध्या बाह्यांचा, अंगाला बसणारा टी-शर्ट हाच उन्हाळ्याचा स्वाभाविक पोशाख होय. त्वचेचे तापमान सामान्यतः 33 ते 35 अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल तोपर्यंत उघड्या त्वचेतून उष्णता बाहेर जाते आणि हा समज खरा ठरतो. परंतु हवा 41 अंशांवर पोहोचली की प्रवाह उलटतो, म्हणजे हवाच शरीराला तापवू लागते आणि त्यात थेट उन्हाची भर पडते. अशा वेळी शरीराजवळ उष्णता बाहेर टाकण्याचा एकच परिणामकारक मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मराठवाड्यात ओल्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो आणि कोकणात तोच कूलर केवळ दमटपणा वाढवतो, यामागेही हेच तत्त्व आहे: कोरडी हवा पाणी झपाट्याने शोषते. म्हणून बीडच्या दुपारी कपड्याचे काम दुहेरी असते. उन्हाला त्वचेपर्यंत येऊ न देणे आणि घामाला वाळण्यासाठी हवा खेळती ठेवणे. ही दोन्ही कामे सैल, पातळ आणि पूर्ण बाह्यांचा कपडा उत्तम करतो.

या भागातील शेतकऱ्याचा सैल सदरा, धोतर आणि डोक्याचा पटका, तसेच दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या मुलींचा चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ आणि हातमोजे यांच्याकडे पाहिल्यास या तत्त्वाचा व्यवहारातील वापर स्पष्ट दिसतो. हा वेष मागासलेपणाचा किंवा केवळ रंग उजळ राखण्याच्या हौसेचा आहे असे मानणे अन्यायाचे आहे. कार्यालयाच्या सावलीत आल्यावर, जेथे ऊन लागत नाही, तेथे बाह्या दुमडून घेणे योग्यच. पूर्ण बाह्यांचा हाच लाभ आहे की त्या दुमडता येतात, अर्ध्या बाह्या मात्र लांबवता येत नाहीत.

येथे एक धोकादायक समज वेगळा नोंदवला पाहिजे. अंग कोरडे आहे म्हणजे घाम आलेला नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो, म्हणून तो दिसत नाही. शरीरातील पाणी आणि क्षार मात्र कमी होतच असतात. दमट प्रदेशातील मनुष्य भिजलेला शर्ट पाहून सावध होतो, बीडमधील मनुष्याला ती सूचना मिळत नाही. तसेच हवा 40 अंशांच्या पुढे गेल्यावर केवळ पंख्याचा झोत शरीराला गार करण्याऐवजी तापवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्यामुळे मानेवर ओला रुमाल ठेवणे हा उपाय साधा असला तरी शास्त्राला धरून आहे.

रंगाविषयीचा समज अर्धा खरा आहे. पांढरा कपडा प्रकाश अधिक परावर्तित करतो आणि उन्हात कमी तापतो, हे निर्विवाद. परंतु पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण, म्हणजे त्वचा भाजणारा व तिला दीर्घकाळ अपाय करणारा सूर्यप्रकाशाचा अदृश्य भाग, बऱ्याच प्रमाणात आत येतो, आणि कापड ओले झाल्यास संरक्षण आणखी घटते. घट्ट विणीचे, गडद कापड या बाबतीत सरस ठरते. 1980 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळवंटातील बेदुइन लोकांच्या काळ्या आणि पांढऱ्या झग्यांची तुलना करण्यात आली. काळा झगा अधिक उष्णता शोषतो, पण तो सैल असल्याने ती उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाऱ्यावर निघून जाते आणि परिणामी दोन्ही झग्यांत शरीराला मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते, असे त्यात आढळले. यातून काळे कपडे घालावेत असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. कपड्याचा सैलपणा रंगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा असतो, एवढे मात्र त्यातून सिद्ध होते. फिकट निळा, मोतिया, बदामी, पिस्ता असे रंग उन्हात सोयीचे आणि कार्यालयात शोभणारेही आहेत.

कापसाच्या जिल्ह्यात सुती कपड्याचा अभिमान असणे साहजिक आहे, तथापि ‘सुती म्हणजे थंड’ हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. जीन्सचे डेनिम कापड सुतीच असते, परंतु त्याचे वजन चौरस मीटरला 400 ग्रॅमच्या आसपास भरते, तर शर्टाच्या पॉपलिनचे वजन 100 ते 120 ग्रॅम असते. म्हणजे धागा एकच असूनही एक कापड उष्णता व ओल धरून ठेवते आणि दुसरे मोकळे सोडते. धाग्याची पाणी शोषण्याची क्षमता अर्थातच महत्त्वाची आहे: प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. कुर्त्यांसाठी सर्रास विकले जाणारे रेयॉन प्लॅस्टिकपासून बनते, हा समज चुकीचा आहे. ते लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून तयार होते, कापसाहून अधिक ओलावा शोषते आणि उन्हाळ्यात चांगले वाटते, मात्र ओले असताना त्याची ताकद घटते, म्हणून ते धुताना जोराने पिळू नये. ‘लिनन’ या नावाने विकले जाणारे प्रत्येक कापड जवसाच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे नसते. त्यात मिश्रण पुष्कळदा असते आणि ते केवळ चिठ्ठी वाचूनच कळते.

खादी जाडीभरडीच असते आणि ती सभा-समारंभांपुरतीच शोभते, हा समजही सोडून द्यावा. हाताने कातलेल्या सुताचे हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी; ती बारीक सुताची आणि अत्यंत तलमही असते, आणि हाताने कातलेल्या सुताचा किंचित असमानपणा कापड त्वचेला चिकटू देत नाही. मात्र पॉलिस्टर मिसळलेले पॉलिवस्त्रही खादी भांडारांत मिळते, त्यामुळे उन्हाळ्यासाठी घेताना ते शुद्ध सुती आहे याची खात्री करून घ्यावी.

शासकीय नियमांविषयीही संभ्रम आहे. सामान्य प्रशासन विभागाने 8 डिसेंबर 2020 रोजी काढलेल्या परिपत्रकात शासकीय कार्यालयांत जीन्स व टी-शर्ट घालू नये, गडद रंगाचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळावेत, स्लिपर वापरू नयेत आणि आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी असे म्हटले होते. पुढे मार्च 2021 मध्ये जीन्सवरील मनाई मागे घेण्यात आली, टी-शर्टवरील कायम राहिली. जिल्हा परिषद वा तहसील कार्यालयात आजही ‘जीन्स बंद आहे’ असे सांगितले जात असेल, तर ते या पहिल्या परिपत्रकाच्या आठवणीवरून होय. हे नियम खासगी कार्यालयांना लागू नाहीत. आणि या नियमांतील महिलांसाठीची साडी, सलवार-कुर्ता ही यादी किंवा पुरुषांसाठीचा शर्ट-पँट हा पोशाख यांत उन्हाळ्याला प्रतिकूल असे काहीच नाही, कारण कापड कोणते आणि ते किती सैल, हा निर्णय कर्मचाऱ्याकडेच राहतो.

नियम नसणे म्हणजे नीटनेटकेपणाची अपेक्षा नसणे, असा अर्थ मोकळ्या वातावरणाच्या कार्यालयांत घेतला जातो, तोही तपासावा. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने 2005 मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम सुरू केली, तेव्हा वातानुकूलन 28 अंशांवर ठेवून कोट व टाय वगळण्यास सांगण्यात आले. नेटकेपणा वगळण्यास कोणी सांगितले नव्हते. खांद्याची शिवण खांद्यावर बसणे, बटणे पूर्ण असणे, चपलेचे पट्टे शाबूत असणे आणि कपडा रोज धुतलेला असणे एवढ्याने साधा सुती शर्टही प्रतिष्ठित दिसतो. सुती कापडाला पडणाऱ्या सुरकुत्या हा गबाळेपणा नव्हे. मे 2024 मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, वीज वाचवण्यासाठी सोमवारी इस्त्री न केलेले कपडे घालण्याचे आवाहन आपल्या कर्मचाऱ्यांना केले होते.

टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत रोज धुतलेला कपडा ही मागणी सोपी नाही, याची जाणीव ठेवूनच हे म्हणावे लागते. परंतु याच कारणाने पॉलिस्टर ‘लवकर वाळते म्हणून परवडते’ हा हिशेब अपुरा आहे. घामाचा वास पॉलिस्टरमध्ये सुती कापडापेक्षा अधिक साठतो आणि तो काढण्यासाठी पुन्हा धुण्याची वेळ येते. आत पातळ सुती बनियन घालणे येथे हिताचे, कारण ती घाम टिपते आणि थोड्या पाण्यात धुता येते, तर वरचा सैल शर्ट आणखी एक दिवस चालतो.

कार्यालयप्रमुखांनी मार्च उजाडण्यापूर्वी आपल्या कर्मचाऱ्यांना सैल, पूर्ण बाह्यांच्या, सुती पेहरावाची आणि उघड्या सँडलची स्पष्ट मुभा द्यावी, वसुली किंवा पाहणीसाठी बाहेर जाणाऱ्यांची कामे सकाळी अकराच्या आत ठेवावीत, आणि दाराशी पाण्याचा माठ भरलेला असेल याची जबाबदारी कोणा एकावर नेमून द्यावी.