कडकनाथचं अंडं काळं नसतं

मी कडकनाथ पाळते म्हटलं की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला, "मग अंडीपण काळी असतात का गं?"

नाही. अंडं फिकट बदामी, साध्या गावठी कोंबडीसारखंच. काळं असतं ते बाकीचं: पिसं, चोच, तुरा, कातडी, मांस, हाडंसुद्धा. मेलॅनिन हे रंगद्रव्य या जातीत शरीराच्या आतपर्यंत साठतं, म्हणून असं होतं.

कडकनाथ आपल्या इंदूरच्या शेजारचाच. झाबुआ, अलीराजपूर, धार या भागांतल्या भिल्ल-भिलाला घरांनी तो सांभाळला. तिकडे त्याला 'काली मासी' म्हणतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मागणीबरोबर फसवणूकही वाढली. कारण काळेपणाचा जीन वरचढ असतो. गावठी कोंबडीशी संकर झाला तरी पिल्लं काळपट निघू शकतात. म्हणजे काळं दिसलं की शुद्ध, असं नाही. शिवाय कोंबडीच्या शरीरात नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून शुद्ध अंडी हवी असतील तर दुसऱ्या कोंबड्यापासून तिला किमान तीन आठवडे वेगळं ठेवायचं आणि मगच अंडी उबवायला घ्यायची.

खरी अडचण पुढे येते. कडकनाथ कोंबडी सहसा खुडूक होत नाही, अंडी घालते आणि निघून जाते. मग मी छोटं इन्क्युबेटर घेतलं आणि बारा अंडी लावली. गणित सोपं आहे: एकवीस दिवस, साडेसदतीस अंश तापमान, आणि दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना झोपेतून उठवलं होतं! अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं बाहेर आली. आठव्याने कवचाला छिद्र पाडलं आणि थांबलं. चार तास, पाच तास. मला राहवलं नाही, मी नखाने कवच सोललं. आतून रक्त आलं. पिल्लू रात्रीतच गेलं.

नंतर समजलं की ते अडकलेलं नव्हतं. छिद्र पाडल्यावर पिल्लू बराच वेळ थांबतं, कधी कधी दिवसभर. त्या वेळात पडद्यातल्या शिरांमधलं रक्त त्याच्या अंगात परत जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. त्या बलकावरच ते पुढचे दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय जगू शकतं. मी मदत केली नव्हती, घाई केली होती.

दुसऱ्या खेपेला मी गावांत करतात तेच केलं. मावशीकडची तांबडी गावठी कोंबडी खुडूक बसली होती, तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. अंडी फिरवणं, ऊब देणं, सगळं तिनंच केलं. छिद्रं दिसली तेव्हा मी हात मागे बांधून लांब उभी राहिले. आठ पिल्लं निघाली.

आता अंगणात तांबडी आई पुढे चालते आणि काळी पिल्लं मागे. शुद्ध जातीची काळजी आपल्याला. तिला सगळी आपलीच वाटतात.