यंत्राला सांगायचे कसे?

गणकयंत्रांच्या इतिहासात यंत्रे किती लहान झाली, एवढेच आपण बहुधा मोजतो. त्यांना काम सांगायचे कसे, हा दुसरा इतिहास त्यात गुंतलेला आहे. तो आज पाहू.

१९४६ साली फिलाडेल्फियात लोकांपुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. भाषा मात्र नव्हती. नवे गणित घालायचे म्हणजे तारा उपसून दुसरीकडे खोवायच्या आणि खटके फिरवायचे. गणित पाहता पाहता सुटे. मांडणीत दिवसचे दिवस जात. ती करणाऱ्या सहा तरुणींची नावे पुष्कळ वर्षे कोणी विचारलीही नाहीत, हे सांगितलेच पाहिजे.

पुढे एक साधी कल्पना निघाली. आज्ञाही आकड्यांतच लिहून यंत्राच्या स्मृतीत ठेवाव्यात. केंब्रिजचे एडसॅक १९४९ साली असे चालू लागले. आता आज्ञा हे जर आकडेच, तर एका आज्ञावलीने दुसरी तयार करून द्यायला अडचण कोणती? भाषांतराचे बीज येथे आहे.

ते सर्वत्र एकदम रुजले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेले टिफरॅक १९६० साली सुरू झाले. त्याच्या स्मृतीत २,०४८ घरे होती आणि आज्ञा लिहायच्या त्या शून्य-एकाच्या भाषेत. दोन आकड्यांची बेरीज हवी, तर एका घरातला आकडा उचल, दुसऱ्या घरातला त्यात मिळव, उत्तर तिसऱ्यात ठेव, असे अशा यंत्राला सांगावे लागे. घरांचे क्रमांक माणसाने सांभाळायचे. एक चुकला की सारे मुसळ केरात!

अमेरिकेत जॉन बॅकस यांनी याचा पैशांत हिशेब केला. यंत्रावर होई त्याहून आज्ञा लिहिणाऱ्यांवरचा खर्च कमी नव्हता. १९५७ साली त्यांची फोरट्रान भाषा आयबीएम ७०४ साठी आली आणि तीच बेरीज बीजगणितासारखी एका ओळीत मावली. यंत्राने केलेले भाषांतर बोजड होईल, मोलाचा यंत्रवेळ खाईल, अशी जाणत्यांना शंका होती. ती अडाणीपणाची नव्हती. पूर्वीच्या यंत्रांवर अपूर्णांकांची गणितेच इतकी सावकाश चालत, की भाषांतराचा ढिलेपणा त्यात खपून जाई. ७०४ ती कामे थेट आपल्या विद्युतमंडलांत करी. मग ढिलाई लपणार कोठे? म्हणून बॅकस यांच्या मंडळींनी खरे कष्ट घेतले ते भाषा रचण्यापेक्षा भाषांतर काटकसरीचे करण्यावर.

मुंबईच्या त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आले, आणि त्यावर फोरट्रान वापरता येऊ लागली. थोड्या वर्षांपूर्वी शून्य-एक जुळवणारी माणसे आता सूत्रे लिहू लागली.

पुढे व्हॉल्व्ह गेले. १९७१ साली तर २,३०० ट्रान्झिस्टर नखाएवढ्या सिलिकॉनवर बसले. फोरट्रान मात्र गेली नाही. हवामानाचे अंदाज बांधणाऱ्या अनेक आज्ञावली आजही तिच्यातच लिहिलेल्या आहेत.